मदत हवी आहे: आईची शुगर, उपासाचे दिवस आणि उपकेंद्रातल्या ताईंची बदली

नमस्कार मंडळी,

आई ६४ वर्षांची, सातारा जिल्ह्यात गावी एकटी असते. मी पुण्यात. आशाताई तिशीपुढच्या सगळ्यांचा फॉर्म भरायला घरोघर फिरल्या होत्या, तेव्हा उपकेंद्रातल्या तपासणीत आईची शुगर आणि बीपी दोन्ही निघालं.

तिथल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) ताईंनी आईला जे वळण लावलं, ते मला जमलं नसतं. आई दुसरी शिकलेली, वही-पेन तिच्याच्यानं होत नाही. पण कॅलेंडरवर ती दुधाचे खाडे मांडते. ताई म्हणाल्या, "मावशी, तिथंच गोळीची खूण करा. सकाळची घेतली की उभी रेघ, रात्रीची घेतली की आडवी." महिन्याच्या गोळ्या आणायला जाताना आई कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घालायची. रेघ नसली की ताई रागवायच्या नाहीत, "त्या दिवशी काय झालं?" एवढंच विचारायच्या. त्यातूनच कळलं की गोळीनं उपास मोडतो म्हणून आई चतुर्थी-एकादशीला बीपीचीसुद्धा गोळी घेत नव्हती.

मे महिन्यात ताईंची बदली झाली, जागा अजून रिकामी आहे. आता गोळ्यांसाठी नऊ किलोमीटरवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं लागतं. तिथं इतकी गर्दी की कॅलेंडर बघायला कुणाला सवड नाही. आषाढीला आईनं ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेतली आणि दिवसभर नुसता चहा. दुपारी दरदरून घाम, हात थरथरायला लागले. शेजारच्या वहिनींनी ग्लुकोमीटर लावला तर ५८! ७० च्या खाली म्हणजे कमीच. लगेच साखरपाणी दिलं म्हणून निभावलं. ही गोळी पोटात अन्न नसलं तरी इन्सुलिन वाढवते, हे मला नंतर समजलं.

इथं कुणी सीएचओ, आशा किंवा सरकारी डॉक्टर असाल तर सांगा. उपासाच्या दिवशीचा डोस ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवरून डॉक्टरांना विचारून ठरवता येतो का, की आईला समोर न्यायलाच हवं? आशाताई घरी येतातच, त्यांना दर महिन्याला कॅलेंडर बघायची विनंती केली तर ते त्यांच्या कामात बसतं का? आधीच त्यांच्यावर कामाचा बोजा आहे, म्हणून संकोच वाटतो. आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) तीन महिन्यांनी होत असेल तर मधल्या काळात बोट किती वेळा टोचायचं?

श्रावण तोंडावर आलाय. आई सोमवार धरते, आणि ते सोड म्हटलं तर ती ऐकायची नाही. त्याआधी काहीतरी ठरायला हवं.