फ्रंट लोड वॉशिंग मशीनमध्ये खडखडाट, चादरींवर तांबूस ठिपके. ड्रम बदलायलाच हवा का?

पडवीतली
नमस्कार. तारकर्लीला आमच्या तीन खोल्या आहेत, पर्यटकांना देतो. त्यांच्या चादरी-टॉवेलांसाठी ७ किलोचं फ्रंट लोड घेतलं, त्याला पाच वर्षं झाली. गर्दीच्या दिवसांत रोज तीन घाणे निघतात.

शिमग्यानंतर आवाज सुरू झालाय. ड्रम सावकाश फिरतो तेव्हा टिक... टिक..., आणि स्पिनने वेग धरला की नुसता खडखडाट. सासूबाई म्हणाल्या, "दशावतारातलो झांजवालो आत बसयलंस काय गो?" तेव्हा हसलो, पण पाठोपाठ पांढऱ्या चादरींवर तांबूस ठिपके यायला लागले, मसुराच्या डाळीएवढे. घासूनही जात नाहीत. पाहुण्यांना अशी चादर कशी घालायची? शिवाय दार उघडलं की कुबट वास येतो, पण तो जुनाच आहे.

एक मेकॅनिक येऊन गेला. मागचं झाकण काढलं नाही की वाकून पाहिलं नाही. उभ्या उभ्या दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, बेअरिंग गेलं, ड्रमचा अख्खा सेट बदलावा लागेल, ११ हजार. खाऱ्या हवेत असंच होतं म्हणे. येण्याचे ३०० घेतले ते वेगळेच.

मशीन पडवीत आहे, समुद्र चालत पाच मिनिटं. पत्र्याला खाली गंज धरलाय हे खरं. पाणी विहिरीचं, मे महिन्यात थोडं मचूळ होतं. धुणं कायम थंड पाण्यात. लिक्विड दोन टोपणं, वर सुगंधी सॉफ्टनर. दार बंद ठेवते, कारण उघडं राहिलं की मांजर आत जाऊन झोपतं. ड्रम बदलू की नवीनच घेऊ?

जुना_पाना
ताई, बेअरिंग टिकटिक करत नाही. ते घरघरतं, पाट्यावर वरवंटा ओढल्यासारखं, आणि वेग वाढला की विमान उडाल्यागत होतं. चिपळूणला २८ वर्षं हेच काम केलं, कानाला कळतं. पण तुमचं मशीन काही मला इथून ऐकू येत नाही, तेव्हा तुम्हीच हात लावून पाहा.

प्लग काढा. रिकामा ड्रम हाताने फिरवा. मग आतल्या बाजूने ड्रमची वरची कड धरून वर उचला, खाली सोडा. ड्रम आणि त्याच्या बाहेरची प्लॅस्टिकची टाकी दोन्ही मिळून हलली तर घाबरू नका, टाकी स्प्रिंगांवर लटकलेलीच असते. ड्रम एकटाच आत लडबडला तर मात्र बेअरिंग, नाहीतर स्पायडर. ड्रमच्या पाठीला ॲल्युमिनियमचा तीन हातांचा सांगाडा असतो, त्याला आम्ही स्पायडर म्हणतो. खारं पाणी आणि साचलेला साबण त्याला खातात, म्हणजे तुमचा मेकॅनिक अगदीच हवेत बोलला नाही. बेअरिंगचं सील गेलं असेल तर मागचं झाकण काढल्यावर टाकीच्या मध्यापासून खाली तांबूस ओघळ दिसतो. ओघळ नाही, लडबड नाही, तर ११ हजार कनवटीलाच राहू द्या.

टिकटिक आणि तांबूस ठिपके एकाच वेळी सुरू झाले, मला त्याचाच संशय येतो. आत कुठेतरी लोखंड गंजतंय. आधी पंपाचा फिल्टर काढून बघा. शेवटचा कधी काढला होता?

किनाऱ्यावरचा
टॉप लोड घ्या आणि मोकळे व्हा. आमचं बारा वर्षं चाललंय, हे असले लाड नाहीत.

जुना_पाना
चालत असेल बाबा. पण ताईंची विहीर मे महिन्यात मचूळ होते. टॉप लोडला तेवढ्याच चादरींना बरंच जास्त पाणी लागतं, ते कोण शेंदणार?

पडवीतली
काका, खरं सांगते, हे मशीन उघडतं खालूनही, हे मला आज कळलं. पाच वर्षांत फिल्टर एकदाही काढला नव्हता. शिव्या नंतर घाला.

उजव्या कोपऱ्यातल्या दारापुढे परात काही मावेना, म्हणून केराची सुपली लावली. बारकी नळी आधी सोडली, तिच्यातून तांब्या-दोन तांबे काळं पाणी आलं. मग फिल्टर फिरवला. मूठभर वाळू, दोन रुपयांची तीन नाणी, एक शिंपला आणि साबणाचा करडा लगदा. वास विचारूच नका. आतली पंख्याची पाती बोटाने फिरवली तर सरळ फिरत नाही, अडकत अडकत, टप्प्याटप्प्याने फिरते. तीही गेली का?

ड्रम लडबडत नाही. यजमानांनी मागचं झाकण काढलं, ओघळ नाही. पण टिकटिक आहे तशीच.

जुना_पाना
पाती तशीच फिरते, आत चुंबक असतो. ती ठीक आहे.

आता वस्तू टाकी आणि ड्रम यांच्या मधे आहे. केसांची पिन किंवा बायकांच्या आतल्या कपड्यातली तार, नव्वद टक्के हेच निघतं. दाराच्या रबराच्या फटीतून किंवा ड्रमच्या भोकातून खाली उतरते. त्यासाठी ड्रम उतरवायची गरज नाही. टाकीच्या तळाशी पाणी तापवायचा हीटर असतो, काहींत पुढून, काहींत मागून. तुमचा मागून असेल तर सोपं. प्लग काढलेला हवा, पाणी पूर्ण सोडलेलं हवं. वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. मधला नट सैल करून बोल्ट थोडा आत ढकला, म्हणजे हीटरभोवतीचं रबर सैल पडतं आणि हीटर हलवत हलवत बाहेर येतो. त्या भोकातून टॉर्च मारा, वाकवलेल्या तारेने ओढा.

बसवताना एक गोष्ट चुकवू नका. आत तळाला एक पत्र्याची क्लिप असते, हीटरचं टोक तिच्यात गेलं पाहिजे. नाही गेलं तर हीटर वर उठतो, ड्रम त्याला घासतो, आणि मग खरोखरच ११ हजारांचं काम निघतं. वायरिंगला हात लावायला धीर होत नसेल तर एखाद्या भरवशाच्या माणसाला फक्त एवढंच काम सांगा.

खाडीकाठची
वासाचं मी सांगते, गुहागरला आमचीही हीच कथा होती. दाराच्या रबराची खालची घडी बोटांनी उलगडून बघा, तुमच्याकडे तर तिथे चुलीपुरती वाळू असेल. ओलं फडकं बोटाला गुंडाळून घडीच्या आतून फिरवायचं, मी दर रविवारी करते. घडीत तळाला बारीक भोकं असतात, ती मोकळी ठेवायची. चादरी दोरीवर आधी झटकल्या की निम्मी वाळू तिथेच पडते.

लिक्विड दोन टोपणं फार होतात. अर्ध्यावर या आणि सॉफ्टनर काही दिवस बंदच करा. थंड पाण्यात हे सगळं विरघळून जात नाही, ड्रमला बाहेरून साय धरल्यासारखं बसतं आणि वास मारतं. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० अंशांवर लावा, ‘ड्रम क्लीन’चा प्रोग्राम असेल तर उत्तम. लिंबूसत्त्व घातलंत तर त्या फेरीत ब्लीच नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन सुटतो. नुसतं ब्लीचही स्टीलला वाईट, त्यात तुमचं पाणी मचूळ.

आणि दार उघडंच ठेवा. मी कांद्याची जाळीदार पिशवी दाराच्या तोंडावर ताणून अडकवते. तरीही सुरू करण्याआधी आत हात घालून बघायचंच, मांजराचा भरवसा नाही.

पडवीतली
आमचा हीटर मागूनच निघाला. समोरचा वायरमन मुलगा आला, काकांचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. नट सैल झाला तरी रबर सुटेना, अर्धा तास गेला. मग आत तार घातली. पहिल्यांदा आली केसांची यू पिन. मग दुसरी. मग एक चपटी काळी पिन, गंजून पापुद्रे सुटलेली, हातात घेताच मोडली. शेवटी एक वाकडी तार, तिचं टोक ड्रमवर घासून चकचकीत झालेलं. टिकटिक करत होती ती हीच. क्लिपमध्ये टोक गेलंय का ते त्याने दोनदा टॉर्च मारून पाहिलं.

आवाज बंद. कालपासून चार घाणे झाले, नवा ठिपका नाही. मुलाला २०० रुपये आणि सोलकढी.

खोल्यांमध्ये आरशाखाली आता पिना ठेवायला वाटी ठेवलीय. जुन्या डागांना लिंबू-मीठ चोळून चादरी उन्हात घातल्या. सहांपैकी चार निघाल्या स्वच्छ, दोन सासूबाईंनी फाडून पायपुसणी केली.