मुंबईत स्टेशनजवळ भाड्याचं घर: अनुभव टाका

तापीकाठ
पुतण्याला ऐरोलीत नोकरी लागली. काल केळीच्या खोक्यात त्याची भांडी भरताना जुने दिवस आठवले. घर बघताना काय तपासायचं ते लिहा. राहणारी पोरं दोन, भाडं १५ हजारापर्यंत.

भुसावळकर
कल्याण बघा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात, पिशव्या घेऊन उतरायला बरं. कल्याणहून सुटणारी लोकल धरली तर बसायला मिळतं. ठाण्याला उतरून वाशी-पनवेलची गाडी, दिघा गावानंतर ऐरोली. कळवा नकाशात जवळ दिसतं, पण तिथे फक्त स्लो थांबते, सकाळी दारात पाय ठेवता येत नाही. टिटवाळा-आसनगाव स्वस्त, पण एक गाडी चुकली की बसा मोजत.

अमळनेरी मिरची
हे भुसावळवाल्यांचं गणित झालं. आपण सुरतवरून बोरिवलीला उतरतो भो 😀

वाघूर
"स्टेशनपासून ५ मिनिटं" ही दलालाची रिक्षातली, तीही दुपारची. संध्याकाळी साडेसातला जा, पूल कुठल्या बाजूला उतरतो ते बघा, शेअर रिक्षाची रांग बघा, मग चालत घड्याळ लावा.

अमळनेरी मिरची
पोरं एकटी म्हटल्यावर सोसायटी चालेल का ते आधी विचारा. टोकन देऊन बसाल आणि सेक्रेटरी नाही म्हणेल.

कागदवाला
करार ११ महिन्यांचा असला तरी नोंदणी लागतेच, ती जबाबदारी मालकाची. नोटरी करून भागवू म्हणाला तर ऐकू नका. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात. १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट: ११ महिन्यांचं भाडं १,६५,००० अधिक व्याज ४,५८३, त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण सव्वाचारशे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर होतं. एजंट काही हजार मागतो ते त्याच्या फेरीचे, सरकारचे नाहीत. डिपॉझिट बँकेतूनच द्या, आकडा करारात आणा. पोलिस पडताळणी वेगळी, ती विसरतात सगळे.

वाघूर
आणि सोसायटीचा बिगरवापर आकार (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून लावतात तो) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नसतो. तो कोण भरणार ते लिहून घ्या.

तापीकाठ
हे माहीतच नव्हतं. धन्यवाद कागदवाले.

भुसावळकर
वीजबिल मागा, मागची थकबाकी दिसते. नळाला पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारा, मालकाला नाही. वरचा मजला असेल तर छताच्या कोपऱ्यात पोपडे बघा, नवा रंग फक्त तिथेच असेल तर समजा पावसाळ्यात बादली लागणार.

केळीचा घड
खोक्यात भांडी ठीक, पण बुडाला दोरी बांधा, बूड सुटतं त्यांचं.

अमळनेरी मिरची
भरिताची हिरवी वांगी मिळतात का तिकडे?

भुसावळकर
वांगी गावाकडूनच पाठवा. तुरकाठी कुठून आणणार पण? गॅसवर भाजलेलं ते भरीत नव्हे.

केळीचा घड
आणि आधी एक्झॉस्ट बघा, ठेच्याचा खकाणा उठला की शेजारी दार वाजवतात.