मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण : पक्की माहिती लिहा

दिवाळी-नाताळच्या सुट्टीत मुंबईकर कोकणात उतरतात आणि सुट्टीचा मोठा भाग माणगावच्या कोंडीत नाहीतर खाडीच्या अलीकडे जातो. अलिबाग ते मालवण हा पट्टा ज्यांना पाठ आहे, त्यांनी लिहावं. ‘छान आहे, नक्की जा’ एवढंच नको. किती वाजता, कुठून आणि काय बिघडतं, ते हवं. आलेली उत्तरं खाली आहेत, प्रत्येकावर लिहिणाऱ्याचं ठिकाण.

गिरगावातून
गाडी न्यायची तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो. साधारण तासाभरात गाडीसकट पलीकडे, पेण-वडखळचा ताप वाचतो. सुट्टीत गाडीची जागा आधीच आरक्षित करा. गाडी नसेल तर गेटवेहून लाँच. मांडव्याहून अलिबागची बस बहुतेक लाँचच्या तिकिटातच धरलेली असते. ऐन पावसाळ्यात या लाँच बंद असतात.

पार्ल्याहून
अलिबागच्या पुढे सागरी मार्गाने दक्षिणेला चार खाड्या फेरीबोटीने पार होतात : आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड. पाण्यावरचा वेळ थोडाच, पण सुट्टीत रांगेसाठी पाऊण तास वेगळा ठेवा. मोबाइलचा नकाशा ही रांग मोजत नाही. शेवटची फेरी किती वाजता, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. ती चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला दाभोळहून थेट चिपळूणपर्यंत आत वळसा पडतो. ओहोटीला बोटीची फळी जास्त उतरती होते आणि बुटक्या गाड्यांचं पोट घासतं. माणसं उतरवा, पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढवा. दिवसाला दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त आखूच नका.

वरळी कोळीवाड्यातून
अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर आधी पंचांग उघडा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती. सहा तास मागे गेलं की सकाळी नऊला ओहोटी. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. अर्धा तास मागेपुढे धरा.
ओहोटीच्या तासभर आधी चालायला लागा आणि पाणी वळल्यावर तासाभरात किनाऱ्याला या. अष्टमीची ओहोटी भर दुपारी बाराला येते, सोयीची वाटते, पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. पाणी पुरतं हटत नाही. लोक फसतात ते इथेच. पुनवेला-अवसेला पाणी खूप लांब जातं, पण पहाटे किंवा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास, आणि अंधारात परतणं धोक्याचं.
पुळणीवर गाडी घालू नका, ही कळकळीची विनंती. ओहोटीत टणक लागणारी वाळू भरतीचं पाणी येताच चाकाखालून सुटते. रेस केली की चाक आणखी रुततं. अडकलीच तर चाकांची हवा कमी करून खाली फळी सरकवा आणि लगेच गावातून ट्रॅक्टर बोलवा.

दादरहून
तुतारी एक्सप्रेस रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढा. इथे हमखास घोळ होतो. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. स्टेशनं समुद्रापासून आत आहेत : दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ. उतरल्यावर पुढे तासभर तरी धरा.

बोरिवलीहून
आडबाजूच्या गावाला जायचं तर एसटीच्या वस्तीच्या गाडीची चौकशी करा. ती रात्री गावात मुक्कामाला असते आणि पहाटे सुटते. ती चुकली की पुढची बरीच उशिरा. महिलांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे.

मुलुंडहून
गणपतीपुळ्याला पोहू नका. किनारा झटकन खोल होतो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग किनाऱ्याकडे वळा. मुलांना घोट्याच्या वर पाण्यात सोडू नये.

परळहून
मालवणला स्नॉर्केलिंग नोव्हेंबरनंतर करा, पावसाचा गढूळपणा तोवर निवळतो. सकाळी अकराच्या आत उरका. दुपारी खारा वारा सुटला की पाणी डचमळतं आणि खालचं नीट दिसत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची होडीही सकाळीच गाठा. दुपारचं जेवण खाणावळीत सकाळीच सांगून ठेवा, कारण मासळी बाजारातून तेवढीच आणली जाते.