मधुमेहात मन खचलं तर आधी साखर की आधी मन?

निशिगंध:
मधुमेही उदास दिसला की लगेच नैराश्याची गोळी सुरू होते, हे मला पटत नाही. आधी तीन महिने साखर आटोक्यात आणा. थकवा, झोपमोड, भुकेतला बदल, लक्ष न लागणं ही चढलेल्या साखरेचीही लक्षणं आहेत. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतले चार प्रश्न नेमके यांवरच आहेत. प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे नुसत्या साखरेनेही नैराश्याचा संशय घेण्याची १० ची रेषा ओलांडली जाते. शिवाय मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ जीवनसत्त्व घटू शकतं; त्यानेही विसराळूपणा आणि खिन्नता येते. ते आणि थायरॉइडचं टीएसएच न तपासता गोळी कशाला?

पारिजात८:
तपासण्या कराच. तीन महिने थांबायला मात्र ठाम विरोध. ते चार प्रश्न बाजूला ठेवा आणि पहिले दोन बघा: कशातच रस न वाटणं, आणि हताश वाटणं. त्यांची बेरीज ३ किंवा जास्त आली तर साखरेवर ढकलू नका, नैराश्याची नीट तपासणी करा. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा. तिथे एक गुण जरी आला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणि साखर आटोक्यात आणणार कोण? ज्याला अंथरुणातून उठवत नाही, तोच ना? नैराश्यात अनेकदा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढलेलं असतं. त्यामुळे यकृत जास्त साखर सोडतं, इन्सुलिनचा प्रभाव घटतो.

निशिगंध:
मग मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या रुग्णांवरच्या २००४ च्या पाथवेज चाचणीत नैराश्य कमी होऊनही एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, का हललं नाही?

औदुंबर:
कारण तिथे उपचार फक्त नैराश्यावर होते. २०१० च्या टीमकेअर चाचणीत २१४ रुग्ण होते. नर्स दोन्ही आजारांचा पाठपुरावा करायची, लक्ष्य गाठेपर्यंत औषधं बदलली जायची. वर्षभरात मनही सुधारलं, साखरही.

गोळी निवडताना जपा. मिर्टाझपिन, अमिट्रिप्टिलिनने वजन वाढतं. फ्लुओक्सेटिनने साखर उतरू शकते. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी असेल तर सुरुवातीचे आठवडे जास्त वेळा मोजा. साखर ७० मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. साखर उतरल्यावर येणारी धडधड, घाम, चिडचिड बरेच जण मनाचा आजार समजतात.

निशिगंध:
अशी नर्स किती ठिकाणी मिळते? नसेल तर गोळीआधी निदान मधुमेहाचा मनावरचा ताण मोजणारी पेड (PAID) प्रश्नावली तरी भरून घ्या. २० प्रश्न, १०० पैकी ४० किंवा जास्त गुण म्हणजे आजार सांभाळण्याचाच शीण. त्यावर गोळी नव्हे, उपचारांचं वेळापत्रक सोपं करणं लागू पडतं.

पारिजात८:
शीण आणि नैराश्य एकाच माणसात असू शकतात. दोन्ही प्रश्नावल्या एकाच भेटीत भरून घ्या.