सुरक्षा अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आजारांना इतकी कमी जागा का?

मीरा
मी पाहिलेल्या अभ्यासक्रमांत आग, उंचीवरचं काम, यंत्रांचे गार्ड हे सगळं तपशीलवार शिकवतात. धूळ, आवाज आणि रसायनांची वाफ मात्र एखाद्या व्याख्यानात उरकतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार कामाशी निगडित कारणांनी जगात दरवर्षी सुमारे २९ लाख माणसं मरतात, त्यांतली जवळपास २६ लाख आजारांनी! सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, दिसायला बहुतेकदा दहाएक वर्षं लागतात. तोवर कामगाराने नोकरी बदललेली असते आणि अपघात-नोंदवही कोरीच राहते. रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली डॉक्टरांना सांगितलं होतं, रोग्याला त्याचा धंदा विचारा. आपण सुरक्षा अधिकाऱ्यालाही ते धड शिकवत नाही. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने हवेचा नमुना घेणारा पंप आणि आवाज मोजणारं यंत्र स्वतः वापरलंच पाहिजे.

संजय
अजिबात पटलं नाही. धूळ मोजणं हे औद्योगिक आरोग्यतज्ज्ञाचं काम, त्याचं शिक्षण वेगळं. अर्धवट शिकलेल्याने चुकीचं मोजून ‘सुरक्षित’ लिहिलं, तर न मोजण्यापेक्षा ते वाईट. उलट टाकीसारख्या बंदिस्त जागेचा विचार करा. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघेही जातात. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या सुरक्षित मर्यादेखाली गेलाय हे डोळ्यांना दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकाला वास येणंच बंद होतं. ‘आधी तपास, मग आत’ हे अंगवळणी पडेपर्यंत सराव हवा. त्याचे तास कापू नका.

मीरा
तुमचं उदाहरण मोजण्याचंच आहे, संजय. प्रत्येकाने तज्ज्ञ व्हावं असं मी म्हणत नाही. तज्ज्ञाला कधी बोलवायचं हे तरी कळावं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागलं, तर आवाज ८५ डेसिबलच्या, म्हणजे कानांना धोक्याच्या पातळीच्या, आसपास किंवा वर आहे असं धरावं. हे माहीत नसलेला अधिकारी काहीच करत नाही. अर्धवट माहीत असलेला इअरप्लग वाटून मोकळा होतो, खरं तर पीपीई, म्हणजे अंगावर घालायची संरक्षक साधनं, हा शेवटचा उपाय. आधी धोकाच काढता येतो का, पद्धत बदलता येते का, यंत्राला आवरण घालता येतं का, हे बघायचं.

अनघा
तुमच्या वादात मुख्य मुद्दा राहतोय. १९८८ साली उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलमंचावर १६७ माणसं गेली. वर्क परमिटची, म्हणजे धोक्याच्या कामाला आधी लेखी परवानगी घेण्याची, पद्धत तिथे होती. पण एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला आहे, ही गोष्ट रात्रपाळीपर्यंत पोहोचली नाही आणि तो पंप सुरू केला गेला. म्हणून पाळी बदलताना काय सांगायचं, काय विचारायचं याचा सराव घ्या. आणि हे व्यवस्थापकांनाही शिकवा. ‘काम थांबवा’ म्हणणाऱ्या अधिकाऱ्याचं कोणी ऐकणार नसेल, तर त्याचं प्रमाणपत्र काय कामाचं?

संजय
अनघा, व्यवस्थापकांबद्दल शंभर टक्के सहमत. मीराताई, तुमच्या पंपासाठी तास कुठून आणायचे ते सांगा.

मीरा
कायद्याची कलमं पाठ करून घेण्याच्या तासांतून. कलम लागेल तेव्हा उघडून वाचता येतं. पंपाची नळी कामगाराच्या कॉलरला, तो श्वास घेतो तिथे लावायची, भिंतीला टांगायची नाही, हे एकदा हाताने केल्याशिवाय लक्षात राहत नाही.