मुंबई सहल : सेंट थॉमस कॅथेड्रल घ्यायचं का?

सीमाताई (बी-२०४): मंडळी, सहलीची यादी होत आली. गेटवे, म्युझियम, मग फोर्ट. फोर्टात सेंट थॉमस कॅथेड्रल घ्यावं का? हॉर्निमन सर्कलच्या जवळच आहे म्हणे.

कुलकर्णी काका (ए-१०१): ताई, ते अजिबात गाळू नका. चर्चगेटचं नाव याच चर्चवरून पडलंय. किल्ल्याच्या तटाला इकडे येणारा दरवाजा होता. तो पाडला, तिथे आज फ्लोरा फाउंटन आहे.

ओंकार (सी-३०२): काका, किती जुनं आहे?

कुलकर्णी काका: पाया १६७६ चा. गव्हर्नर जेराल्ड औंजियरने घातला. त्याच्याच कारकिर्दीत मुंबईहून इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला रायगडावर गेला होता. पण औंजियर पुढच्याच वर्षी वारला आणि काम ठप्प. पंधरा फूट उंचीच्या भिंती, वर छप्पर नाही, अशी चाळीसेक वर्षं गेली. शेवटी रिचर्ड कॉब या पाद्र्याने वर्गणीसाठी लोकांच्या मागे लागून काम पुरं केलं आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. तेव्हा आपल्या साताऱ्याच्या गादीवर थोरले शाहू महाराज होते, एवढं जुनं!

सुनंदाकाकू (ए-३०३): मी पाहिलंय. बाहेरून साधंच वाटतं, पण आत उंच छत, रंगीत काचा आणि भिंतीभर संगमरवरी स्मारकं. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या स्मारकापाशी मी बराच वेळ उभी होते. त्याने काशी आणि काठियावाडकडची बालहत्या बंद करवली, त्याचा उल्लेख तिथे दगडातच कोरलाय. लहान मुलंही कोरलीत. मुलांना तेवढं तरी दाखवाच.

कुलकर्णी काका: अगदी बरोबर. कॅथेड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा १८३७ मध्ये मिळाला, घड्याळाचा मनोरा त्यानंतरचा. दारातलं कारंजं कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दानशूराच्या पैशातून झालं, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा.

ओंकार: मुंबईतले जुने मैलाचे दगडही इथूनच मोजलेत ना? काळ्या दगडावर रोमन आकडे असतात ते?

कुलकर्णी काका: हो, शून्य मैल म्हणजे हेच चर्च. दुरुस्तीचं कामही मन लावून केलंय, २००४ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

सीमाताई: मग फोर्टाला दीड तास ठेवते. रविवारी तिथे प्रार्थना असते, तेव्हा फिरणं बरं नाही. शनिवारीच जाऊ. काका, आत गेल्यावर माहिती तुम्हीच सांगायची.

कुलकर्णी काका: आनंदाने!