‘बेहतर अस्त’ मराठीत कसे आणावे?

मूळ प्रश्न
एका इराणी आजीने नातवाला लिहिलेले पत्र मी मराठीत आणत आहे. त्यात ‘बेहतर अस्त एमरूज़ नरवी’ असे वाक्य आहे, म्हणजे शब्दशः ‘अधिक चांगले आहे, आज न जावेस’. ‘बेहतर अस्त’नंतर फारसीत आज्ञार्थ येत नाही, आपल्या ‘जावेस’सारखे विध्यर्थी रूप येते आणि त्याने सूचना मऊ होते. मी ‘आज गेला नाहीस तर बरे’ असे लिहिले. संपादकांना त्यात धमकी जाणवली, म्हणून त्यांनी ‘आज न जाणे श्रेयस्कर’ असे केले. आजी असे बोलेल का?

प्रतिसाद १
मुळीच नाही. ‘आज नको जाऊस, बाळा’ हेच खरे. आणि ‘बेहत्तर’ मराठीत आहेच, तोही वापरून पाहावा.

प्रतिसाद २
तो चालणार नाही. ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ म्हणताना आपण ‘पर्वा नाही’ असे म्हणतो. आजीची काळजी त्यात उलटीच होईल. असे शब्द वाटेत बदलतात. इराणात डॉक्टर औषध ‘तजवीज’ करतो, म्हणजे लिहून देतो. उर्दूत तजवीज म्हणजे प्रस्ताव. आणि माझे आजोबा पंगतीसाठी पानांची तजवीज करत. सूचनेला इराणी माणूस ‘पीशनहाद’ म्हणतो, म्हणजे पुढे ठेवलेले.

प्रतिसाद ३
‘श्रेयस्कर’ परका वाटतो, कारण आपण तो बोलणे सोडले. शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला, तो फारसी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणूनच.

प्रतिसाद ४
तो कोश राज्यकारभारासाठी होता, घरगुती पत्रांसाठी नव्हे. शिवाय आपण येथे देत आहोत तो ‘सल्ला’सुद्धा अरबी ‘सलाह’वरून फारसीमार्गे आला आहे. मला अधिक मोलाचे वाटते ते रचनेतील साम्य: ‘बिया बेरवीम’ म्हणजे शब्दशः ‘ये, आपण जावे’. आपल्या ‘जाऊ या’मधला ‘या’ही ‘येणे’चाच असावा, असा माझा तर्क आहे, आणि म्हणून तो तोडूनच लिहावा.

प्रतिसाद ५
हा तर्क मला पटत नाही. फारसीत एकाला ‘बिया बेरवीम’ आणि अनेकांना ‘बियाईद बेरवीम’ म्हणतात. आपण मात्र धाकट्या भावालाही ‘जाऊया’च म्हणतो, ‘जाऊ ये’ म्हणत नाही. ज्याला वचनच उरले नाही तो प्रत्यय झाला. तो जोडूनच लिहिला पाहिजे.